दाव्याच्या दिवशी संपणारी परवानगी

खांदा कॉलनीतल्या आमच्या तीन खोल्यांच्या ऑफिसात त्या दिवशी पेढे आधीच आणून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी गुरुपुष्य होता, आणि काका, म्हणजे आमचे मालक, त्या मुहूर्तावर पेटंटचा दावा लावणार होते. आमच्यातूनच फुटून विचुंब्यात दुकान थाटलेल्या एकाने आमच्यासारखीच पेटी विकायला काढली होती. शीतगृहाचं यंत्र बिघडायच्या आधीच इशारा देणारी. युक्ती काकांची, पेटंटही काकांचं. दर खंडेनवमीला ते प्रमाणपत्राच्या काचेला हळदकुंकू लावत.

वकिलांनी मला एवढंच काम दिलं होतं: त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आपली युक्ती नेमकी कुठे आहे ते दाखवा. दुपारी ती सापडली. ती त्याने वापरलेल्या एका फुकट, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये होती. तेच आम्हीही वापरत होतो. आणि चार वर्षांपूर्वी ती तिथे मीच पाठवली होती, जगभरचे लोक माझं नाव वाचतील या हौसेने.

मग मी त्या सॉफ्टवेअरचा परवाना पहिल्यांदा वाचला. तोवर 'मान्य आहे' हे बटण दाबण्यापलीकडे माझा त्याच्याशी संबंध नव्हता. जो यात भर घालतो, तो आपलं पेटंट वापरायची मुभा सगळ्यांना देतो, असं त्यात होतं. म्हणजे विचुंब्यातल्या त्या माणसालाही. पुढे आणखी होतं: 'हे सॉफ्टवेअर माझ्या पेटंटचा भंग करतं' असा दावा जो लावेल, त्याला त्यातली इतरांची पेटंटं वापरायची मिळालेली मुभा त्याच दिवशी संपेल. म्हणजे दावा तर हरणारच, वर आमच्याच पेट्या अडचणीत. हात दाखवून अवलक्षण.

गप्प बसलो असतो तर दोष वकिलांच्या माथी गेला असता. हा विचार मी केला, खोटं कशाला बोलू. तासभर केला.

शेवटी परवाना आणि चार वर्षांपूर्वी युक्ती तिथे पाठवताना कंपनीने दिलेलं संमतीपत्र काकांपुढे ठेवलं. कंपनीच्या वतीने खाली सही त्यांचीच होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे मी वाचलं नव्हतं?"

"नाही काका. मी समोर ठेवलं, तुम्ही सही केलीत."

"बरोबर आहे. तू ठेवलेले कागद मी वाचत नाही."

त्यांनी वकिलांना फोन करून दावा थांबवला.

आठवड्याने मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला. चार ओळींचा. काकांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि अर्ज पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला.