पाण्यासारखा रंग

मामाजी म्हणजे माझे सासरे. लग्नाला वीसेक वर्षं झाली तरी मी त्यांच्याशी थेट बोलत नव्हते. उमरखेडकडच्या आमच्या घरात तशी रीतच. स्वयंपाक झाला की मी दाराच्या चौकटीला सांगायचे, "ताट वाढलं म्हना." चौकट कधी काही बोलली नाही, पण मामाजी येऊन बसायचे. माझ्या बहिणी यावरून मला हसायच्या. हसोत बापड्या.

मग त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि पुसदच्या डॉक्टरांनी यवतमाळला पाठवलं. अँजिओग्राफी ठरली. तिथले डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या नसांत रंग सोडतो, म्हणजे एक्स-रेत अडथळा कुठे आहे ते दिसतं. पण यांची शुगर जुनी, किडनी कमजोर. रंग लघवीवाटे निघून गेला पाहिजे. परत आणलं की भरपूर पाणी पाजा. नाहीतर किडनी बसू शकते."

आमच्या शेजारी डायलिसिसचा माणूस होता, त्याचे हाल मी भिंतीपलीकडून रोज ऐकलेले. रंग म्हणजे लालभडक काहीतरी असेल असं मला वाटत होतं. नर्सच्या हातातली बाटली पाहिली, तर आत साधं पाणी असावं तसं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. जे दिसत नाही ते अंगातून गेलं की राहिलं, कळणार कसं?

हाताची नस बारीक निघाली, म्हणून तपासणी जांघेतून झाली. परत आणल्यावर पाय न हलवता उताणं पडून राहायचं होतं. नर्सनं लघवीचं भांडं पलंगाखाली ठेवलं आणि म्हणाली, "झाली की मला दाखवा." तेवढ्यात सोबत आलेल्या ह्यांना सरकारी योजनेच्या कागदांसाठी खाली बोलावलं. खोलीत मी आणि मामाजी.

मी ग्लास भरून त्यांच्या हातात द्यायचे आणि रीतीप्रमाणे पदर ओढून खिडकीकडे तोंड करायचे. ग्लास रिकामा परत यायचा. मी पुन्हा भरायचे. नर्स येऊन गेली, परत आली. भांडं कोरडंच.

"पाणी पाजलं ना नीट?"

"बाटली संपली," मी म्हटलं.

तिचा चेहरा बदलला. डॉक्टरांना सांगते म्हणून ती गेली. पाणी आत जातंय आणि बाहेर येत नाही, म्हणजे बसली किडनी. ह्यांना फोन लावला तर उचलेनात. काय करावं सुचेना, म्हणून उगीच चादर सारखी करायला गेले, तर हाताला ओलं लागलं. जांघेतून रक्त सुटलं असं वाटलं. पण हात लाल नव्हता. उशाशी मामाजींचा खांद्यावरचा दुपट्टा होता, तो पाण्यानं निथळत होता.

भीतीचा राग कधी झाला ते कळलं नाही.

"मामाजी, पानी काहून नाही पेले?"

मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. ते छताकडे बघतच म्हणाले,

"तो रंग सोडला तवा अंगभर आग फिरली. वाटलं, कपड्यातच झाली. ते म्हनत होते, नुसतं तसं वाटते. पन मले लय लाज वाटली. आता पानी पेलो अन् लागली, त कोनाले सांगू? पोरगा खाली गेला. तू सून आहेस."

"अन् किडनी बसली त घरी मी ताट कोनाले वाढू?"

मी नवी बाटली फोडली, ग्लास भरला आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. ते प्यायले. पुन्हा भरला, पुन्हा प्यायले. मग आम्ही वाट बघत राहिलो. माझ्या तोंडाला कोरड पडली होती, पण त्यातलं पाणी मला प्यायचं सुचलं नाही.

शेवटी मामाजींनी मान वळवली आणि खिडकीला सांगितलं, "भांडं पाह्यजे म्हना."

मी भांडं दिलं, पदर ओढला आणि पाठ करून उभी राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग भांड्यात आवाज आला आणि मी खिडकीचा गज धरून रडत राहिले.