सातचा निरोप

सकाळचे सात वाजून चार मिनिटं झाली, तरी पडद्यावर 'शेवटचा निरोप गेला: काल' एवढीच ओळ दिसत होती. वसतिगृहाच्या अर्जाची उद्या शेवटची तारीख. आमच्या शाळेच्या संकेतस्थळावरून मुलींना तसा निरोप सातला आपोआप जायचा होता.

गेल्या वर्षी वेळ लावूनही तो गेला नाही. सुट्टीमुळे त्या दिवशी संकेतस्थळ कुणी उघडलंच नव्हतं. "कुणी फिरकल्याशिवाय ते जागंच होत नाही, सर," असं संगणक बघणाऱ्या वैशालीताई नंतर म्हणाल्या. तोवर आमच्या सुनीताची वसतिगृहातली जागा गेली होती. ती वर्षभर घरी बसली.

मला अशीच अर्जाची तारीख सांगायला माझे गुरुजी सायकलवरून वस्तीवर आले होते. म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. त्यांचं ते काम मी यंत्रावर सोपवून मोकळा झालो होतो.

आता ताईंनी सर्व्हरवरच गजर लावलाय, कुणी संकेतस्थळ उघडो न उघडो, निरोप सातला जाणारच. तरी भीती जात नाही. मोडणारी वस्तू निदान आवाज करते. राहून गेलेलं काम गप्प असतं, आणि सगळं सुरळीत असतानाही तेवढंच गप्प असतं.

न राहवून सुनीताच्या वडिलांना फोन केला.

"आला की निरोप, सातलाच! पोरगी कागद घेऊन स्टँडकडं निघालीपण. तुम्हीच का घाबरलाय, सर?"

पडद्यावरचं पान मी सातच्या आधीच उघडून ठेवलं होतं; ते पुन्हा उघडलं. ओळ बदलली होती. हायसं वाटलं. मग यादीतल्या दुसऱ्या मुलीचा नंबर लावला.