दुसऱ्यांच्या सांध्यांची काळजी

लेखनाचा मला अधिकार नाही. चाळिशीनंतर व्यायामाला लागलेल्या माणसाने तर दुसऱ्याच्या शरीराविषयी लिहूच नये. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

धारूरच्या आमच्या जिममध्ये पन्नाशीचे एक गृहस्थ येतात. पूर्वी ते तालमीत लढत. अजूनही मातीऐवजी लोखंडी रॉडला हात लावून तो कपाळाला नेतात. इतरांच्या सांध्यांवर त्यांची बारीक नजर असते. माझा गुडघा दुखू लागला, तेव्हा त्यांनीच माझ्या रॉडवरच्या प्लेटा उतरवल्या आणि मांडीखाली स्नायू मोकळे करायचा फोम रोलर सरकवला. "सर, दुखतंय तर वजन कमी करा. लाज कावून वाटती?"

काल मात्र जड वजन घेऊन बैठकीतून उठताना त्यांचाच गुडघा कडकन वाजला. त्यांनी रॉड स्टँडवर ठेवला, लंगडत जाऊन गाण्यांच्या स्पीकरचा आवाज वाढवला आणि ते पुन्हा रॉडखाली आले.

मी हळूच म्हणालो, "डॉक्टरांनी तुम्हाला मनाई केली आहे ना?"

"गप बसा सर. मी थांबलो की ही पोरं मला काका म्हणून खुर्ची देतील. उद्या अजून दोन प्लेटा टाकायच्या हायत. तुमी मागं उभं राहा, तोल गेला तर रॉड धरायला. दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई."

मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे मलाच उमगलेले नाही. मी गेलो नाही तरी ते वजन उचलतीलच, असे वाटते. गेलो तर त्यांच्या हट्टाला माझाच हातभार लागेल.

वाचकहो, उद्या मी त्यांच्या मागे उभे राहावे का?