आप्पांचा ऑक्सिजन प्लँट

हॉस्पिटलच्या ऑक्सिजन प्लँटच्या टाकीत झिओलाइटचे दाणे असतात. साबुदाण्याएवढे, आतून छिद्रंच छिद्रं. हवा आत गेली की ते नायट्रोजन धरून ठेवतात आन् ऑक्सिजन पुढं वॉर्डात जातो. मी ह्या प्लँटांची सर्व्हिसिंग करतो. दाण्यांत नायट्रोजन साठतो, माझ्या डोक्यात चेअरमन लोकांचे किस्से! दाणे घडीघडीला मोकळे तरी होतात, मला ती सोय न्हाई.

*

शिरूरकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचे चेअरमन म्हंजी आप्पा. उद्घाटनाला म्हणाले, "पाव्हण्यांना माल दाखवा!"

मी हात जोडले. "आप्पा, ओले झाले की दाणे कामातनं जातात. ड्रमचं सील नका तोडू."

तोडलं! वर हळदकुंकू वाहिलं आन् तिथंच नारळ फोडला. पाणी सगळं ड्रममध्ये.

*

कवठ्याच्या एका ट्रस्टीला तो प्रसादच वाटला. खालचा एक कोरडा दाणा उचलून टाकला की तोंडात! असा दाणा लाळेचं पाणी शोषताना तापतो. "आरं, पोळलं रं!" करत गडी नळाकडं पळाला.

आप्पा पाव्हण्यांना म्हणाले, "बघा, जागृत हाय!"

*

हवेतली ओल काढायला दाण्यांच्या आधी ड्रायर असतो. पुढच्या व्हिजिटला बघतो तर ड्रायर बंद आन् त्याच्या लाईनीवर आप्पांच्या केबिनचा एसी!

"उन्हाळाय की! हवा कोरडीच हाय," आप्पांचं सायन्स. आग लागो असल्या अकलेला.

*

ओले दाणे नायट्रोजन धरीनात. ऑक्सिजनची शुद्धता घसरली, अलार्म कोकलायला लागला. आप्पांनी अलार्मची वायरच काढायला लावली.

"पेशंट घाबरत्यात!"

*

मी डॉक्टरांना सांगितलं, दाणे बदलेपर्यंत वॉर्ड सिलेंडरवर चालवा. त्यांनी चालवला. तर आप्पा आले तणतणत. "एवढा प्लँट बांधून सिलेंडर? तालुक्यात इज्जत घालवता व्हय माझी!"

वॉर्ड परत प्लँटवर. आत माणसं एकेका श्वासाला महाग, आन् ह्यांना मिरवायची पडलीय! असा संताप आला म्हणून सांगू.

*

मग एक दिवस आप्पांनाच दम लागला. त्याच वॉर्डात आणलं. सिस्टरनं मास्क लावला, तर आप्पांनी तो हातानं वर उचलला.

"सिस्टर, हा प्लँटचा न्हाई ना?"

"नाही आप्पा, तुम्हाला सिलेंडर लावलाय."

शेजारच्या खाटेवर मांडवगणची एक आजी होती, नाकात प्लँटची नळी. ती कशीबशी उठून बसली.

"सिस्टरबाई, मला बी आप्पांचाच लावा."