मोटारीचं पोट आणि माझी काठी

ती मोटार आम्हाला भावोजींनी विकली, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. ह्या माणसाला मात्र मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरीत कंपनी उभी राहत होती आणि ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथे जागा मिळत होती. पण ह्यांच्या डोक्यात मोटार बसलेली. लग्नसराईत नवरदेव न्यायचे, बाजारच्या दिवशी चाकणपर्यंत भाडं मारायचं. नोकरीला नाही म्हणाले, माझ्या पाटल्या मोडल्या आणि भावोजींची जुनी, लांबलचक, काळी मोटार घेतली. त्यांनी आम्हाला पुण्याच्या डांबरी रस्त्यावरून फिरवून आणलं. पोटातलं पाणी हललं नाही.

चाकणच्या आसपासचे रस्ते बैलगाड्यांचे. दोन बाजूंना खोल गेलेल्या चाकोऱ्या आणि मधे मातीचा उंच वरंबा. मोटारीची चाकं चाकोरीत आणि पोट वरंब्यावर! आठ दिवसांत खालून काहीतरी तुटलं. चिंचवडच्या मिस्त्रींनी गाडीखाली शिरून एक लाकडी गुटका काढला आणि माझ्या हातात ठेवला. स्प्रिंगचे पाटे केव्हाच बसले होते, गाडी उंच दिसावी म्हणून असे चार गुटके ठोकले होते. लाकडावरच्या रंध्याच्या खुणाही अजून गेल्या नव्हत्या.

"वहिनी, हे विकण्यापुरतंच बसवलंय," मिस्त्री म्हणाले. त्या विलायती गाडीला नवे पाटे मिळतात का, म्हणून त्यांनी सगळीकडे विचारलं. कुठेच मिळाले नाहीत. तुटलेलं त्यांनी जोडून दिलं, पण गाडी तशीच बसकी राहिली.

हे भावोजींकडे जाऊन आले. भावोजींनी चहा पाजला आणि सुनावलं की चालवणाऱ्याला रस्ता कळत नसेल तर गाडी काय करणार. हे मान खाली घालून घरी आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुटका मी पुसून पिशवीत ठेवून दिला.

मग मी एक काठी कापली. माणसं भरली की गाडीचं पोट जमिनीपासून माझी एक वीत, रिकामी असली की वीत आणि चार बोटं. तशा दोन खाचा पाडल्या. चाकोरी आली की मी उतरून पुढे जायची, काठी वरंब्याला लावून बघायची आणि माती पहिल्या खाचेवर गेली की सगळ्यांना खाली उतरवायची. रिकामी गाडी हे पलीकडे काढायचे, मग सगळे परत आत. एका नवरदेवाला मुंडावळ्यांसकट सहा वेळा उतरवलं. त्याचा आजा मला म्हणाला, भाडं मोटारीचं द्यायचं आन् चालत जायचं, ह्ये कसलं वो? पुढच्या सराईला कुणी विचारलं नाही. पिंपरीतली जागाही तोवर भरली होती. हे रोज सकाळी गाडी पुसायचे आणि दारात बसून राहायचे. ते बघून मला भावोजींचा गळा धरावासा वाटायचा.

अशात भावोजींचं कार्ड आलं. त्यांच्या मुलीचं लग्न चाकणपलीकडच्या कांद्याच्या बड्या बागायतदाराकडे जमत होतं. बोलणी करायला मोटारीतून जायचं होतं. मोटार माझीच आहे असं व्याह्यांना सांगितलंय, तेव्हा तुम्ही तोंड उघडू नका, असं खाली लिहिलेलं. मी कार्ड दोनदा वाचलं आणि ह्यांना म्हटलं, जाऊ या की.

गावाच्या वेशीशी शेवटचा वरंबा होता. समोर व्याही मंडळी उभी. मी काठी लावली. माती पहिल्या खाचेच्या दोन बोटं खालीच होती, भरली गाडी आरामात गेली असती. मी म्हटलं, "उतरा." भावोजी रेशमी कोट सावरत फुफाट्यातून चालले. मला फार बरं वाटलं.

सुपारी फुटेपर्यंत मी गप्प बसले. भाचीचा त्यात काही दोष नव्हता. सुपारी फुटली, पेढे झाले आणि म्हातारे व्याही म्हणाले, मोटार लई झ्याक हाय तुमची. भावोजींनी मिशीवरून हात फिरवला.

"त्यांचीच आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे नुसती वापरायला होती. आज ते पुण्याला परत नेतायत. आमचा हिशेबही उद्याच मिटवणार आहेत. हो ना, भावोजी?"

सगळी बैठक त्यांच्याकडे बघत होती. भावोजी "हो" म्हणाले. दुसरं म्हणतात काय!

निघताना पिशवीतून काढून तो गुटका मी त्यांच्या सीटवर ठेवला. ताईने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि आत बसली. काठी माझ्याच हातात होती. भावोजी रागारागाने गाडी घेऊन निघाले आणि वेशीशी वरंब्याच्या भलत्याच बाजूने चढले. खर्रर्र करून पोट घासल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. मी तोंडाला पदर लावून हसले.

हे हसले नाहीत. अंगातल्या एकुलत्या एका चांगल्या कोटासकट धावत गेले आणि गाडीखाली पालथे झोपले. मग धुळीने माखलेले माझ्याकडे आले, म्हणाले, "काठी दे." ताईला खाली उतरवून, काठी लावत, भावोजींना हाताने खुणा करत ह्यांनी गाडी वरंब्यावरून सुखरूप काढून दिली. जाता जाता तिच्या मडगार्डवरची माती हाताने पुसली.

आम्ही चाकणपर्यंत चालत आलो. बस यायला वेळ होता. हे म्हणाले, "मला विचारायचंस तरी."

भावोजींनी मोटारीचे पैसे परत दिले. व्याह्यांचा धाक होता, न देऊन सांगतात कुणाला! त्यांची जिरवली ह्याचं मला आजही काडीइतकं वाईट वाटत नाही. पण ह्यांनी पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि ती काठी मी चुलीत घालायला निघाले तेव्हा माझ्या हातातून काढून घेतली.