पोलादी खल

नगरच्या एका कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत शांतवनमामा दगड दळायचं काम करायचे. रोहिणी मॅडमनी हिमालयातून आणलेले काळे, पापुद्र्यांचे चाळीस दगड त्यांच्याकडे आले. कधीकाळी समुद्राच्या तळाशी साचलेला बारीक चिखल तो. त्यात कुठला धातू किती हे मोजलं, की तेव्हा तळाशी प्राणवायू होता का ते कळतं, असं मॅडमनी त्यांना समोर बसवून समजावलं होतं. अकीकाच्या, म्हणजे गारेसारख्या कठीण दगडाच्या, खलातच दळा, असं बजावलंही होतं.

सगळ्यात वरच्या थरातले शेवटचे तीन दगड उरले त्या दिवशी शेवगावला नॅन्सीचा, त्यांच्या मुलीचा, साखरपुडा होता. अकीकाच्या खलात एकेका दगडाला अर्धा तास लागायचा. मामांनी कपाटातला पोलादी खल काढला, पंधरा मिनिटांत तिन्ही दळले आणि चारची एसटी धरली.

दोन महिन्यांनी आकडे आले. त्या तीन नमुन्यांत मॉलिब्डेनम भरपूर निघालं. मॅडमनी पेढे वाटले. वर्गात त्या सांगत होत्या, "प्राणवायू संपला की हा धातू चिखलात साचतो. म्हणजे शेवटी शेवटी हा तळ गुदमरला होता. हाच धातू कठीण पोलादातही घालतात, म्हणून आपण पोलादी खल वापरत नाही." मागे ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मामांनी अर्धा खाल्लेला पेढा ट्रेमध्ये ठेवून दिला.

मॅडमनी शोधनिबंध छापायला पाठवून दिला. चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट आलं, तेव्हा मनात पाप लपवून भाकर घेऊ नये म्हणून मामांनी ती न घेता ताट पुढे सरकवलं. दुसऱ्या महिन्यातही तसंच केलं. घरी येताना त्यांची बायको सारा एवढंच म्हणाली, "ज्याला सांगायचं त्याला सांगून टाका."

सोमवारी ते मॅडमसमोर उभे राहिले.

"मॅडम, शेवटचे तीन दगड म्या पोलादी खलात दळले हुते. घाई हुती."

मॅडमनी नमुन्यांची वही उघडून त्या तीन आकड्यांवर रेघ मारली. मग म्हणाल्या, "उरलेले तुकडे आहेत ना? काढा."

मामांनी त्याच तुकड्यांतून पुन्हा दळलं, अकीकाच्या खलात. मॅडम शेजारी बसून होत्या. नवे आकडे इतर सदतीस नमुन्यांसारखेच निघाले. तळ गुदमरला नव्हता.

मॅडमनी निबंध मागे घेतला. सोबतचं पत्र त्यांनी मामांना वाचून दाखवलं: नमुने दळताना चूक झाली, जबाबदारी माझी.

"माझं नाव घाला की त्यात."

"दळताना बघायला यायचं काम माझं होतं, मामा. मी आले नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं. वर्षाची मेहनत मॅडमची गेली आणि दोषही त्यांनीच घेतला. पुढच्या प्रभुभोजनाला मामांनी भाकर घेतली, पण मान खाली घालूनच. मॅडम आजही दगड त्यांच्याकडेच देतात. द्यायला येतात, तेव्हा मामांना त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही.