बसणाऱ्या बाईचं माप

व्हर्नन ऑग्डनने एकतीस वर्षं बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं एक बटण कधी शिवलं नाही. ते काम त्याच्या बायकोचं, ग्लेनिसचं. आणि निवृत्त झाल्यावर हाच माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापड पसरून सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बायकांचे परकर बेतायला लागला. ग्लेनिस शेजारणींना सांगायची, "म्हातारपणी लोकांचे नवरे दुसऱ्या बायकांच्या नादी लागतात. माझा लागला, तोही मेलेल्या बायकांच्या."

त्याला नादी लावणारी बाई मात्र चांगली जिवंत होती. बेरिल थ्वेट. ऑथरब्रिजच्या शिवणमंडळाची प्रमुख, आणि त्याआधी रेनकोटच्या कारखान्यात सत्तर बायकांवरची मुकादम. मंडळाच्या बायका उन्हाळ्यात राणी व्हिक्टोरियाच्या काळातले झगे अंगावर चढवून गावोगावच्या जत्रांना जायच्या आणि त्यांची बस चालवायचा व्हर्नन. बायका मैदानात मिरवायच्या, हा बसमध्ये पेपर वाचत पडायचा. एका जत्रेत एक पोलकं अर्धवट राहिलं होतं. बेरिलने ते बसच्या दारातून थेट त्याच्या पेपरावर फेकलं.

"हात रिकामे दिसतायत तुझे. काजं कर, चौदा."

"मिसेस थ्वेट, मी ड्रायव्हर आहे."

"दिसतंय मला. सुई स्टिअरिंगपेक्षा हलकी असते, घाबरू नकोस."

पहिली सहा काजं बेरिलने उसवली. सातव्याकडे तिने चष्म्यावरून पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाली. त्या एका "हं"साठी माणूस पुढची नऊ वर्षं मंडळात जात राहिला, यावरून काय ते समजा.

ती कौतुक करत नसे. चूक झाली तर बोलतही नसे, नुसती उसवायची सुरी पुढे सरकवायची. व्हर्ननने पहिला परकर केला तेव्हा जुन्या मासिकातल्या पॅटर्नच्या रेघेवरच कात्री चालवली. त्या काळचे पॅटर्न छापणारे शिलाईची माया धरत नसत, ती शिवणाऱ्याने आपली आपण सोडायची, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. परकर झाला बारा वर्षांच्या पोरीच्या मापाचा. बेरिलने तो उजेडात धरला. "शिलाई सरळ आहे," ती म्हणाली. "आता तेवढी पोरगी शोध." त्या वेळी व्हर्नन साठीला टेकला होता. तरी बेरिलच्या तोंडी तो "पोरा"च होता, आणि त्याच्या तोंडी ती शेवटपर्यंत "मिसेस थ्वेट".

यंदाच्या जानेवारीत बेरिलचे पाय गेले. वेदना नाहीत, पडणं-झडणं नाही. विझत जाणाऱ्या शेकोटीसारखे हळूहळू गेले. मार्चमध्ये चाकाची खुर्ची आली. डॉक्टर म्हणाले, बाहेर जा, माणसांत मिसळा. बेरिल म्हणाली, बघू. आणि एप्रिल संपत आला तरी तिने घराचा उंबरा ओलांडला नाही. मंडळाच्या बायका केक घेऊन जायच्या आणि केक ठेवून परत यायच्या.

मग मंडळाची चिटणीस जॅनिस व्हर्ननकडे आली. जूनच्या दुसऱ्या शनिवारी स्टेशनापासून बँडस्टँडपर्यंत गावाची मिरवणूक निघते, सगळे जुन्या पोशाखात, आणि एकवीस वर्षं तिच्या पुढे बेरिल चालत आली होती.

"नाही म्हणते," जॅनिस म्हणाली. "ती नसेल तर महापौरांच्या बायकोला पुढे घालावं लागेल. आणि ती बया नायलॉनची लेस लावते रे, व्हर्नन!"

"नायलॉन?"

"मागे चेन असते. प्लास्टिकची."

व्हर्ननने कोट चढवला आणि तडक बेरिलच्या घरी गेला. नायलॉनचं निमित्त होतं. खरी गोष्ट अशी की ज्या बाईने त्याला माणसांत आणलं, ती चार महिने माणसांत गेली नव्हती, आणि हे त्याला रोज सकाळी चहाबरोबर खुपत होतं.

"उभी होते तेव्हा बाई दिसायचे," बेरिल म्हणाली. "आता सगळे झगे मांडीवर गोळा होतात. कोणीतरी अंथरुणाचं गाठोडं बांधून खुर्चीत ठेवल्यासारखं वाटतं. गाठोड्यामागून बँड वाजवत जाणार का तुम्ही?"

"मी नवा शिवतो."

"तू?"

"सहा आठवडे आहेत."

"आरसा समोर ठेवीन. गाठोडं दिसलं तर या घरातून मी पाऊल..." ती थांबली. "चाक बाहेर टाकणार नाही. मिरवणुकीलाही नाही आणि नंतरही नाही. मग केक घेऊन यायचं नाही कोणी."

व्हर्ननने तिच्या आवडीचा पॅटर्न निवडला, १८८७ सालचा. कमरेमागे उशी, त्यावरून चुण्यांचा धबधबा. तिची जुनी मापं घेऊन त्याने शिंप्याच्या पुतळ्यावर तो झगा उभा केला. तीन आठवडे गेले. ग्लेनिससुद्धा म्हणाली, "हा पुतळा आता आपला आपण चालत बाहेर जाईल." व्हर्नन खूश.

बेरिलला तो घालून खुर्चीत बसवला आणि सगळा खेळ संपला. मागच्या उशीने तिला पुढे ढकललं. झग्याखाली कमर आवळणाऱ्या कॉर्सेटच्या पोलादी पट्ट्या बरगड्यांत घुसल्या. कॉलर हनुवटीला लागली. पुढचं कापड मांडीवर ढीग होऊन बसलं आणि ज्या चुण्यांवर व्हर्ननने तीन आठवडे घालवले होते, त्या खुर्चीच्या पाठीला चिरडून गेल्या. बेरिलने आरशात एकदाच पाहिलं. मग खुर्ची भिंतीकडे वळवली.

"शिलाई छान आहे, व्हर्नन," ती म्हणाली. "खरंच छान. तू खूप केलंस."

तिने सुरी पुढे सरकवली असती तर व्हर्ननला चाललं असतं. कौतुक म्हणजे तिने आशा सोडली होती.

दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात तोंड पाडून बसला होता. ग्लेनिस कपाट आवरत होती आणि तिला त्याचा बसचा जुना गणवेश सापडला.

"हा देऊन टाकू का? बघ, कोट कसा नव्यासारखा आहे. फक्त खालच्या बटणाचं काज कोरं. कधी लावलंच नाहीस का?"

"लावलं की बसल्यावर पोटात रुतायचं. तीन वेळा ताकीद मिळाली मला त्या बटणापायी."

"मग साहेबांना सांगायचं ना, कोट नीट बसत नाही म्हणून."

"कोट बसायचा गं. मी बसलो की बसायचा नाही. मापं घेतली उभं करून, आणि बस काय उभ्याने..."

त्याने वाक्य अर्धं सोडलं. ग्लेनिसने मागे वळून पाहिलं तर नवरा टेबलाखालच्या खोक्यात डोकं घालून जुनी पुस्तकं उपसत होता.

त्याला हवं ते सापडलं शिंप्यांसाठीच्या एका जुन्या बेतण्याच्या पुस्तकात. घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसणाऱ्या बायकांचा पोशाख. त्याचा पॅटर्न इतका वाकडातिकडा की एखाद्या बेटाचा नकाशा वाटावा. गुडघ्याचा फुगवटा कापडातच बेतलेला, पुढची बाजू आखूड, मागची लांब. शेजारी चित्र होतं: शिंप्याच्या दुकानात लाकडी घोडा, त्यावर बसलेली गिऱ्हाईक आणि खाली टाचण्या तोंडात धरलेला शिंपी. त्या लोकांना ठाऊक होतं तर. हा झगा घालून बाई उभी राहिली की तो वेड्यासारखा लोंबतो. बसली की मात्र एक सुरकुती नाही.

"बसणाऱ्या बाईचं माप बसवूनच घ्यायचं," व्हर्नन म्हणाला.

"हे सांगायला पुस्तक लागलं?" ग्लेनिस म्हणाली.

पण बेरिल घोड्यावर बसणार नव्हती. घोड्यावरच्या बाईचा एक गुडघा वर आणि दुसरा खाली असतो, हिचे दोन्ही समोर. म्हणून पॅटर्न नव्याने काढावा लागला. व्हर्ननने चर्चच्या हॉलमधून चाकाची खुर्ची मागून आणली, मांजरपाटाचा कच्चा झगा केला आणि तो घालून स्वतःच खुर्चीत बसला. ग्लेनिसने टाचण्या लावल्या, त्यातल्या काही मुद्दाम त्याला. पोस्टमनने खिडकीतून हे सगळं पाहिलं, पत्रं आत सरकवली आणि म्हणाला, "व्हर्नन, पांढरा तुला खुलत नाही."

तीन मांजरपाट वाया गेले, चौथा जमला. मग गडद हिरवी लोकर. जाकीट पुढून आखूड, मागे बैठकीच्या वर संपणारं. बाह्या दोन बोटं लांब, कारण चाक ढकलायला हात पुढे जातात. घेर पावलांवरून खाली येणारा, पण चाकापासून चार बोटं दूर. कॉर्सेटमध्ये पोलादी पट्ट्यांऐवजी दोरी भरली. तीही पद्धत त्या काळचीच, म्हणजे बेरिलला नाक मुरडायला जागा नको.

मिरवणुकीच्या आधीच्या सोमवारी जॅनिसने बेरिलला कपडे घातले आणि व्हर्ननला आत बोलावलं. बेरिल स्वतः चाकं फिरवत आरशासमोर गेली. तिने मांडीवरून हात फिरवला. कापड सपाट होतं. कोपरं वाकवली, चाक पुढे ढकललं, मागे घेतलं. घेर हलला आणि पुन्हा जागेवर आला.

"माया किती ठेवलीस?"

"एक इंच."

"डाव्या गुडघ्यावरची चिमट्याची शिवण अर्धं बोट पुढे घे."

त्याने खाली बसून टाचणी हलवली.

"उभी बाई यात वेडी दिसेल."

"हो. जॅनिसला घालून पाहिला. वेडी दिसली."

"आभारी आहे," जॅनिस म्हणाली.

बेरिल आरशातून नजर काढेना. खांदे किंचित मागे गेले, मान वर आली. एकवीस वर्षं मिरवणुकीच्या पुढे चालणारी बाई अशीच मान धरायची.

"उंच टोपी कपाटाच्या वरच्या फळीवर आहे," ती म्हणाली. "जाळीवरची धूळ झटका. शनिवारी वेळ मिळायचा नाही."

शनिवारी स्टेशनसमोर बँड सुरू झाला आणि बेरिल पुढे निघाली, सपाटीवर स्वतःच्या हातांनी. हिरवी लोकर, काळी उंच टोपी, तोंडावर जाळी. दगडी चढ लागला तेव्हा व्हर्ननने मागून खुर्ची धरली.

"हळू. ही बस नाही."

"हो, मिसेस थ्वेट."

"आणि थांबे घेऊ नकोस."

लोक दोन्ही बाजूंनी वाकून पाहत होते. पबच्या दारातून एकाने ओरडून विचारलं, "बेरिल, घोडा कुठाय?"

तिने अंगठा मागे दाखवला. "हा काय. जुना आहे, चढावर धापा टाकतो."

सगळा रस्ता हसला, आणि सर्वांत मोठ्याने व्हर्नन, धापा टाकत. महापौरांची बायको लेससकट मागे चौथ्या रांगेत होती. जॅनिस अधूनमधून वळून तिच्याकडे गोड हसत होती.

बँडस्टँडपाशी चहा आला. माणसं येत होती, हात मिळवत होती, कापड चाचपत होती. पाच महिने माणसांत न आलेली बेरिल तासभर बोलत होती, त्यातला पाऊण तास लोकांच्या शिलाईतल्या चुका काढत. मग तिने उन्हात स्वतःच्या घेराची कड उचलून पाहिली.

"व्हर्नन. इकडे ये, पोरा."

"काय झालं?"

"डावीकडे कड अर्धं बोट खाली आली आहे."

"लोकर आहे, जरा सैल पडते. सावकाश करून देतो."

"सावकाश कसं? सोमवारी मला पोस्टात जायचंय, मंगळवारी मंडळ. हा घालून रोज फिरले तर लोक वेडी म्हणतील. दुसरा कर. करडा, साधा, खिसे असलेला. पण याच बेताचा, बसलेला."

"उद्या रविवार आहे, मिसेस थ्वेट."

"मग? उद्या मला कुठे जायचं नाहीये. सकाळी घरी ये, माप घे. आणि ग्लेनिसला आण, तिच्या टाचण्या तुझ्यापेक्षा सरळ असतात."